बाजूचं कोण सांगतं

जव्हारच्या स्टँडवर काळीपिवळीत बसून ती भरायची वाट बघण्यात माझं किती आयुष्य गेलं असेल, देवच जाणे. आजही तेच चाललंय. सूर्यमाळला मावशीकडे जायचंय, म्हणजे आधी मोखाडा आणि तिथून पुढे दुसरी गाडी. मधल्या सीटवर आम्ही चौघीजणी कोंबून बसलोय, मागे तांदळाची पोती आणि पाय बांधलेली एक कोंबडी, आणि डायवर बाहेर उभा राहून मघापासून "मोखाडा, मोखाडा, एकच शीट" म्हणून ओरडतोय. ह्यांचं एकच शीट कधी संपलेलं मी पाहिलं नाही. एक माणूस येऊन बसतो, आणि तरी एकच शीट बाकी असतं.

अंग मोडून आलंय. मागच्याच आठवड्यात ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी कोलकात्याला जाऊन आले. पहिली नोकरी तिथेच केली होती म्हणून एका संध्याकाळी हौसेने खिदिरपूरला गेले, तर ट्राम नाही. मैदानातल्या गवतात रूळ आहेत, पण गंजलेले. पुढे रस्त्याला लागले की त्यांच्यावर डांबर ओतलेलं. एका ठिकाणी डांबर उडून रुळाचा हातभर तुकडा वर आला होता. तो बघत मी जरा वेळ उभी राहिले. एक चहावाला म्हणाला, "वादळात तारा पडल्या, नंतर पुन्हा आलीच नाही." मी चहा घेतला आणि टॅक्सी करून हॉटेलवर आले. रडूबिडू आलं नाही. वयाचा परिणाम असेल, किंवा थकव्याचा. आज मात्र ह्या जीपमध्ये, ह्या कोंबडीच्या वासात, ती ट्राम सारखी डोळ्यांसमोर येते आहे. आणि ट्राम आली की बाबा येतात, कारण ज्या वर्षी बाबा माझ्याकडे ट्राम बघायला आले त्याच वर्षी त्यांनी गाडी सोडली. त्यांनी ती सोडायला हवी हे त्यांना कोणी आणि कसं सांगायचं, ह्या एका गोष्टीने त्या वर्षी माझी झोप उडवली होती.

बाबा ह्याच रस्त्यावर, जव्हार ते मोखाडा, काळीपिवळी चालवायचे. सोमादा म्हटलं की आमच्या साखरशेत गावापासून मोखाड्यापर्यंत कोणीही गाडी दाखवत असे. आमच्या घराला दोन वास होते. एक आईच्या चुलीवरच्या नागलीच्या भाकरीचा आणि दुसरा बाबांच्या कपड्यांना येणारा डिझेलचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बापाला डिझेलचा वास येतो. शाळेला सुट्टी असली की मी गाडीत मागे बसून दिवसभर हिंडायचे. चैत्रात मोहाची फुलं वाळत घातलेली असायची, त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास खिडकीतून यायचा. बोहाड्याच्या, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या जत्रेच्या, दिवसांत तर गाडीच्या टपावरसुद्धा माणसं. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी शेतांत पालापाचोळा रचून राब भाजायला लागले की सगळ्या डोंगराला धूर लागायचा, आणि त्या धुरातून गाडी काढताना बाबा दिवसाही लाईट लावायचे.

केंद्र सरकारच्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा घरात कोलकाता कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नकाशापुरतंच. खिदिरपूरला बायकांच्या एका हॉस्टेलमध्ये खाट मिळाली, आणि ऑफिस एस्प्लनेडच्या पलीकडे. पहिले काही दिवस मी बसने गेले. तिथली बस थांबत नाही, नुसती हळू होते. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत काहीतरी ओरडतो आणि आपण पळत चढायचं. मला भाषा येत नव्हती, पळणंही जमत नव्हतं. दोनदा मी भलत्याच ठिकाणी उतरले. मग हॉस्टेलमधल्या एका केरळी मुलीने सांगितलं, तू ट्रामने जात जा, ती म्हाताऱ्यांची गाडी आहे.

खरंच म्हाताऱ्यांची होती. पेन्शनर माणसं, पिशव्या घेतलेल्या बायका, देवळाला निघालेल्या विधवा. लाकडी बाकं बसून बसून गुळगुळीत झालेली. पुढच्या डब्यात पंखे होते, मागच्यात नव्हते. कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची पिशवी, बोटांत पातळ कागदाची तिकिटं, आणि दोरी ओढली की पुढे घंटा वाजायची. पण मला ज्याचं नवल वाटलं ते वेगळंच होतं. ती गाडी भरायची वाट बघत नसे. डब्यात मी आणि एक झोपलेला म्हातारा, दोघंच असलो तरी वेळ झाली की ती निघायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी घाबरून दरवाज्याकडे बघितलं, की आता हा आपल्याला उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबणार. कोणी उतरवलं नाही. आमच्याकडे रिकामी गाडी धावली तर समजायचं, आत कोणाचं तरी प्रेत आहे नाहीतर बाळंतीण आहे. इथे एका मुलीसाठी एवढं मोठं धूड रुळांवरून कुरकुरत निघालं होतं. मला स्वतःचीच किंमत वाढल्यासारखी वाटली.

मैदान लागलं की शहर मागे पडायचं. दोन्हीकडे गवत, मोठी झाडं, आणि रुळांवर चरणाऱ्या बकऱ्या. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, टण टण टण, आणि बकऱ्या आपल्या सवडीने बाजूला व्हायच्या. पावसानंतर ओल्या गवताचा वास डब्यात शिरला की मी डोळे मिटून घ्यायचे. तेवढ्यापुरतं साखरशेत व्हायचं. ट्रामनेच मला ते शहर शिकवलं. कुठे वळताना चाकं किंचाळतात, कुठे तारेतून ठिणगी पडते, कुठे मासळीचा वास येतो आणि कुठे तेलात काहीतरी तळल्याचा, हे मला रस्त्यांच्या नावांआधी पाठ झालं. अजूनही कोलकाता म्हटलं की मला रस्ते आठवत नाहीत, ती वळणं आठवतात.

फोनवर बाबा रोज गाडीचंच विचारायचे. ऑफिस कसं, जेवण कसं, हे आई विचारे. बाबांचं एकच, "काल कंच्या गाडीन् गेलीस?" मी ट्राम म्हटलं की, "हां, ती रेल्वेवानी. किती शीट घेतं?" मग एकदा आई हळू आवाजात म्हणाली, "तुझा बा हल्ली दाराचे चौकटीला आपटतो गं. परवा भरलेल्या हंड्याला लाथ लागली. मी बोलली तं मनाच ओरडला." मी म्हटलं, दमत असतील, पाठव त्यांना थोडे दिवस. राब भाजायचे दिवस चालू होते, गाडीला धंदा होता, तरी ते आले. ट्राम बघायची होती त्यांना.

हावड्याहून आणलं त्याच दिवशी दुपारी त्यांना ट्राम बघायची घाई. एस्प्लनेडच्या शेवटच्या थांब्यावर उभ्या असलेल्या गाडीला त्यांनी आधी पूर्ण एक चक्कर मारली, बैल विकत घेताना मारतात तशी. चाकांशी वाकले, पत्र्यावर हात फिरवला. "लय बेस गाडी," म्हणाले. मग पुढे जाऊन आत डोकावले आणि माझ्याकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, "पोरी, हिचा स्टेरिंग कठं हाय?"

"स्टीअरिंग नसतं बाबा. रूळ नेतील तिकडे जाते."

"आन् डायवर काय करतं मंग?"

"चालवतो. थांबवतो. घंटा वाजवतो."

त्यांना ते पटेना. त्या दिवशी ते बाकावर बसलेच नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभे राहिले आणि मोडक्या हिंदीत त्याच्याशी गप्पा मारू लागले. तरुणपणी भिवंडीला बांधकामावर काम करताना शिकलेली हिंदी. ड्रायव्हर माझ्या बापाच्याच वयाचा, कपाळावर घामाचा रुमाल बांधलेला. त्याला हा मनुष्यही ड्रायव्हर आहे कळल्यावर तो खुलला. पितळेचा दांडा असा फिरवला की वेग, असा फिरवला की ब्रेक, असं त्याने बाबांना दाखवलं. घाटात काय करता, त्याने विचारलं. बाबांनी घाट सांगितला. मी जवळच्या बाकावर बसून मजेत ऐकत होते. परक्या शहरात आपल्या बापाचा आवाज ऐकणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. बरं वाटत होतं मला, अगदी बरं.

मैदान लागलं. बकऱ्या आल्या, घंटा वाजली, बकऱ्या गेल्या.  मग बाबांनी ड्रायव्हरला अगदी साध्या आवाजात विचारलं, एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं, "बाजू का तुमको कौन बोलता है?"

ड्रायव्हरला कळलं नाही. "क्या बोलता है?"

"बाजू का. बैल आया, आदमी आया. तुम तो सामने देखता है. बाजू का कौन बोलता है?"

ड्रायव्हर हसला. "कौन बोलेगा दादा? अपना आँख है ना. और अपना तो लाइन है. लाइन जिधर, गाडी उधर."

बाबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

कारण त्या एका प्रश्नाने मला जानीआत्या आठवली. जानीआत्या आमच्या शेजारच्या पाड्यातली, रोज मोखाड्याच्या बाजारात भाजी घेऊन जाणारी. गेली काही वर्षं, मी सुट्टीत घरी आले की बघायचे, बाबांच्या शेजारची पुढची सीट तिची असायची. तिथे एरवी पोटुशी बाई बसते, नाहीतर दवाखान्याचा पेशंट. जानीआत्या धडधाकट. आणि तोंड तर एवढं की मला मागे बसून वैताग यायचा. "सोमादा, काशाचा वाडा आला रं. त्याचा काला बैल बसलाय बघ रस्त्याचे उजवे अंगाला, काशा काय बांधीत नाय त्याला." "आता ही बघ, डावे बाजून् लाकडाची मोली घेऊन चालल्यात बाया, एवढे उन्हाच्या." "ट्रक येतोय गा, नाशिकवाला, त्याना काय, बापाचा रस्ता." जव्हार ते मोखाडा असं अखंड. मागच्या सीटवरची माणसंही मधेच भर घालायची. मला वाटायचं, काय ही माणसं, जरा गप्प बसवत नाही. त्या गप्पा नव्हत्याच. सगळी गाडी मिळून माझ्या बापाला रस्ता दाखवत होती, आणि तोही असा, की त्याला कोणी रस्ता दाखवतंय असं वाटू नये. आणि बाबांना ह्याची इतकी सवय झाली होती की जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरला बाजूचं सांगणारं कोणीतरी असतंच, असं ते धरून चालले होते.

मला भयंकर राग आला. जानीआत्याचा, मागे बसणाऱ्या सगळ्यांचा. अरे, घाटाचा रस्ता, एका बाजूला दरी, गाडीत बाया-पोरं, आणि हे लोक माणुसकी दाखवतायत! रात्री-बेरात्री ह्यांना दवाखान्यात नेलं माझ्या बापाने, एक शब्द न बोलता, म्हणून त्याचं बोट सोडायचं नाही, एवढंच ह्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ट्रामनेच. जाताना ते दांडीला धरून उभे राहिले नाहीत, माझ्या शेजारी बसले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. एका यंत्रात डोकं घालून बाबांना ठिपके दिसले की बटण दाबायचं होतं. बरेच ठिपके येऊन गेले आणि बाबांचा अंगठा हललाच नाही. मी बघत होते. काचबिंदू, बाई म्हणाल्या. कडेचं दिसणं आधी जातं, माणसाला कळतही नाही. गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंब घालून जपायचं.

"काम क्या करते हैं आप?" त्यांनी विचारलं.

"खेती," बाबा म्हणाले. लगेच, जराही न अडखळता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी थेंबांची चिठ्ठी घेतली आणि उठले. परतीच्या ट्राममध्ये माणसं कमी होती. बाबा खिडकीशी बसून बाहेर बघत होते, म्हणजे मान बाहेर होती. मैदान आलं तसं म्हणाले, "ही गाडी मना जमल. हिला बाजू नाय." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "पन ही आपले रस्त्याला चालायची नाय." मी त्यांचा हात धरला. हाताच्या तळव्याला स्टीअरिंगचे घट्टे होते.

ते गावी गेले. मी थेंबांच्या बाटल्या बरोबर दिल्या आणि आईला फोनवर सांगितलं, त्यांना गाडीवर बसू देऊ नको. आई म्हणाली, "मी सांगू? तूच ये नं सांग. तुझा ऐकतील." भाऊ नाही मला. थोड्याच दिवसांत रजा टाकून आले. आगगाडीत दोन रात्री एकच वाक्य घोळवत होते, बाबा, आता गाडी पुरे. किती साधं वाक्य आहे. साखरशेतला पोचले, भाकरी खाल्ली, बाबांनी ट्रामच्या ड्रायव्हरची खुशाली विचारली, आणि माझं वाक्य राहूनच गेलं. सकाळी उठून बघते तर गाडी पुसून तयार.

आता बाबा घरीच असतात. उरलेलं दिसणंही हळूहळू गेलं, थेंबांनी जेवढं थांबायचं तेवढं थांबलं. आई दमलीय, तीही आता साठीच्या पुढे आहे. मी ठाण्याहून शनिवार-रविवारी धावपळ करत येते, त्यांची दाढी करते, नखं कापते, औषधं आणून देते आणि परत जाते. कधी कधी वाटतं, हे सगळं मी झोपेतच करते आहे. मावशीकडे निघालेय तेही चार दिवस कोणाचं काही न करता पडून राहावं म्हणून. बाबा तक्रार करत नाहीत. पडवीत बसून रस्त्यावरची गाडी आवाजावरून ओळखतात, तिचा कुठला गिअर नीट पडत नाही तेही सांगतात. पण गाडी पुसून तयार होती ती सकाळ मला अजून विसरता येत नाही.

त्या सकाळी मीही त्यांच्याबरोबर जव्हारला निघाले. स्टँडवर गाडी भरत होती. जानीआत्या भाजीची पाटी टपावर टाकून नेहमीसारखी पुढच्या दाराशी आली. बाबा म्हणाले, "जाने, तू मांगं बस आज. पोरगी बसल पुढं." जानीआत्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मागे गेली. तिच्या त्या बघण्यावरून मला कळलं, की मी कशाला आलेय ते तिने ओळखलंय. मला उतरता आलं असतं. पण मी उतरले असते तर जानीआत्या पुढे बसली असती, आणि गाडी निघायची ती निघालीच असती. म्हणून मी बसले.

मी सांगायला लागले. बाबा, डावीकडे बैल. बाबा, समोर एसटी. बाबा, उजवीकडे दोन बायका. जानीआत्याच्या गप्पांत ते कसं सहज विरघळून जायचं, माझ्या तोंडून ते एकेक दगडासारखं पडत होतं. बाबा माझ्या प्रत्येक शब्दाला पाय उचलत होते. गाडी चालत नव्हती, अडखळत होती. मागे कोणी बोलेना, एक चकार शब्द नाही. राबाचा धूर रस्त्यावर उतरला होता. मोहाच्या झाडापाशी रस्ता एकदम वळतो, तिथे कडेच्या पायवाटेवरून एक मोटरसायकल वर आली, आणि माझ्या तोंडून फक्त "बाबा!" एवढंच निघालं. डावीकडून की उजवीकडून ते निघालंच नाही.

बाबांनी रस्त्याच्या मधोमध गाडी उभी केली. मोटरसायकल आमच्या बंपरला घासल्यासारखी निघून गेली. त्या माणसाने मागे वळून शिवी दिली. मागे एक तान्हं पोर जागं होऊन रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं.  बाबा थोडा वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसले. मग पहिल्या गिअरमध्ये टाकून, बैलगाडीच्या चालीने, त्यांनी गाडी मोखाड्यापर्यंत आणली. मी उरलेल्या वाटेवर काही सांगितलं की नाही मला आठवत नाही.

मोखाड्याला माणसं उतरली. पैसे बाबांच्या हातात देऊन एकेक जण निघून गेला. जानीआत्या मात्र पाटी घेऊन तिथेच उभी राहिली.

बाबा मला म्हणाले, "तू रस्ता नव्हतीस सांगत. भेव सांगत होतीस."

बाबांनी इंजिन बंद केलं.

"जानी कधी भेली नाय. म्हनून मना वाटं, भ्यायासारखा काय नाय." त्यांनी किल्ली काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझा भेव खरा हाय, पोरी." मग खाली उतरून जानीआत्याला म्हणाले, "तुझे जावयाला सांग, गाडी नेऊन लाव माझे दारात."

जानीआत्या पदर तोंडाला लावून रडायला लागली. रस्त्यात, भर बाजारात. माझा तिच्यावरचा सगळा राग तिथेच गळून पडला. मला हायसं वाटलं होतं आणि काहीतरी कायमचं तुटल्यासारखंही वाटत होतं.

परत यायला आम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसलो. तो डायवर बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने पुढची सीट रिकामी करून दिली, हात जोडून म्हणाला, "सोमादा, पुढं बस." बाबा म्हणाले, "नाय रं, मांगं बेस हाय," आणि चाचपडत मागच्या बाकावर चढले. बायका सरकल्या. मी त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसले. मोखाड्याची शेवटची घरं सरली नाहीत तोच त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. मला वाटलं चक्कर आली. पण नाही, ते झोपले होते. माझा बाप चालत्या गाडीत झोपलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. रस्त्यात बैल होते, ट्रक होते, मोटरसायकली होत्या, वळणावर वळणं येत होती, आणि ते लहान मुलासारखे गाढ झोपले होते. किती वर्षांची झोप होती ती कोण जाणे.

जव्हार आलं. डायवरने इंजिन बंद केलं आणि मागे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. माणसं आपापलं सामान उचलून आवाज न करता उतरली. एका बाईने कोंबडी ओरडू नये म्हणून तिची चोच मुठीत धरली. स्टँडवर पुढच्या खेपेची माणसं येऊन उभी होती, पण डायवरने आरोळी दिली नाही, आणि गाडीत चढायची घाईही कोणी केली नाही.